मुंबईची पेढी

बहुतेक जुन्या नगरांची पेठ नगराच्या मध्यभागी असते. जुन्या पुण्यात मंडईपासून कोणत्याही दिशेला चालू लागले, तरी आधी दुकानांची गर्दी, मग वाडे, मग मोकळी वाट असा क्रम लागत असे. मुंबईची गोष्ट वेगळी आहे. नकाशावर हे शहर समुद्रात शिरलेल्या एका निमुळत्या जिभेसारखे दिसते आणि त्याची मुख्य पेठ या जिभेच्या शेंड्यापाशी, दक्षिणेकडे वसलेली आहे. पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी आणि दक्षिणेसही पाणी. वस्तीला पसरण्यास मोकळी अशी एकच दिशा, ती म्हणजे उत्तर. म्हणून कित्येक पिढ्या मुंबईत सकाळी माणसांचा लोंढा दक्षिणेकडे वाहत आला आणि सायंकाळी उत्तरेकडे परतत आला. याच्या उलट दिशेने जाणाऱ्या गाड्यांत पूर्वी बसायला जागा सहज मिळे.

ही पेढी टोकाला का गेली, ती तेथेच ठेवावी की हलवावी, आणि हलवली तर कोणाच्या जमिनीवर, हा वाद मुंबईत दीडशे वर्षे चालू आहे. त्यात गव्हर्नर, व्यापारी, अभियंते, कामगार पुढारी, न्यायमूर्ती अशा अनेकांनी भाग घेतला. वादाचे विषय दर पिढीला पालटले. कधी तट, कधी भराव, कधी गिरण्यांच्या जमिनी. परंतु माणसाचे घर आणि त्याची कचेरी यांच्यामध्ये अंतर किती असावे, आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न या प्रत्येक वादाच्या तळाशी होता.

१६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबईची बेटे ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. कंपनीला हवे होते ते बंदर. बेटांच्या पूर्वेकडील पाणी खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित. तेव्हा वखार, टांकसाळ, जकात घर आणि किल्ला हे सर्व तिकडेच उभे राहिले. अठराव्या शतकाच्या आरंभी या वस्तीभोवती तट बांधण्यात आला. त्याला तीन दरवाजे होते. त्यांपैकी चर्चगेट व बाजारगेट ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत, दरवाजे मात्र केव्हाच गेले. मुंबईकर या भागाला 'कोट' म्हणत आणि 'कोटात जातो' म्हणजे कामाला जातो, असा अर्थ होई. तट पडल्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ लोटला, तरी 'फोर्टात नोकरी आहे' हे वाक्य ऐकू येते. लोकांची भाषा नकाशापेक्षा अधिक चिवट असते, हेच खरे.

१८०३ च्या मोठ्या आगीनंतर कोटातील बरीच देशी वस्ती बाहेर मोकळ्या मैदानापलीकडे सरकली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरची रेल्वे धावू लागली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी कापसाच्या पहिल्या गिरणीची कंपनी काढली. आता तट संरक्षणापुरता राहिला नव्हता. तो अडथळा झाला होता. १८६२ साली गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रिअर यांनी तो पाडण्याचा निर्णय अमलात आणला. गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले ते १८६३ साली, म्हणजे नेमक्या याच घडामोडीच्या काळात. तट गेला, त्या जागी रस्ते, बागा व दगडी इमारती आल्या आणि चर्चगेटच्या जागी फ्लोरा फाउंटन हे कारंजे उभे राहिले.

त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या भागांवर सट्टा सुरू झाला. यांतील सर्वांत नामांकित कंपनी होती बॅकबे भरावाची. जी जमीन अजून पाण्याखाली होती, तिच्या किमतीवर लोक श्रीमंत होत होते! १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि जुलै महिन्यात हा सारा डोलारा खाली आला. सट्ट्याचे अग्रणी प्रेमचंद रायचंद हेही त्यात सापडले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या मातेचे नाव धारण करणारा राजाबाई मनोरा मात्र १८७८ पासून विद्यापीठाच्या आवारात वेळ सांगत उभा आहे. टाउन हॉलजवळच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ साली आपली संघटना स्थापन केली. तीच पुढे मुंबईचा शेअर बाजार म्हणून प्रसिद्धीस आली.

या सगळ्या धामधुमीतून एक गोष्ट कायम राहिली. पेढी कोटातच राहिली. तट पाडला तो पेढी हलवण्यासाठी नव्हे, तिला हातपाय पसरता यावेत म्हणून. जागा कमी पडली की समुद्राकडे पाहावे, ही सवयही मुंबईला याच काळात लागली.

या सवयीची एक चांगली आणि एक वाईट अशी दोन उदाहरणे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाहावयास मिळतात. चांगले उदाहरण बॅलार्ड इस्टेटचे. अलेक्झांड्रा गोदी खोदताना निघालेली माती व दगड वापरून बंदर विश्वस्त मंडळाने २२ एकर जमीन तयार केली आणि १९१४ ते १९१८ या अवधीत तिच्यावर कचेऱ्या बांधवल्या. गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट यांनी या इमारतींना एक उंची आणि एक शिस्त लावून दिली. खोदाईत निघालेल्या मातीचे सोने झाले, असे येथे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

वाईट उदाहरण पुन्हा बॅकबेचे. १९१८ साली गव्हर्नर म्हणून आलेल्या सर जॉर्ज लॉइड यांनी बुडालेली जुनी योजना नव्याने हाती घेतली. या वेळी काम खाजगी कंपनीकडे नव्हे, सरकारकडे होते. बंदरातील गाळ उपसून भिंतीच्या आत टाकायचा, असा बेत होता. परंतु भिंतीतून तो गाळ पुन्हा समुद्रात झिरपू लागला. खर्च वाढत गेला आणि जमीन काही वर येईना. खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण वकिलाने या कारभारावर जाहीर टीकेची झोड उठवली. तेव्हा हार्वी नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. योजना अखेर निम्म्याहून कमी भरावावर थांबवावी लागली. तयार झालेल्या पट्टीवर पुढे मरीन ड्राइव्हचा अर्धचंद्राकृती रस्ता आणि त्यामागील सुबक निवासी इमारती उभ्या राहिल्या, हे त्यातल्या त्यात भाग्य. याच परिसरातील वास्तुसमूहाला २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

नरिमन १९३५ साली मुंबईचे महापौर झाले आणि १९४८ साली वारले. स्वातंत्र्यानंतर बॅकबेच्या राहिलेल्या भरावाचे काम पुन्हा सुरू झाले. १९७० च्या दशकात त्या नव्या जमिनीवर उंचच उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि देशातील मोठमोठ्या उद्योगांची मुख्यालये तेथे आली. मुंबईचा सर्वांत प्रतिष्ठित पत्ता झालेल्या या भूभागाचे नाव 'नरिमन पॉइंट' असे ठेवण्यात आले. ज्या पुरुषाने त्या भरावाविरुद्ध लढा दिला, त्याचेच नाव त्या भरावाला मिळाले. इतिहास कधी कधी अशी थट्टा करतो आणि थट्टा करताना चेहरा गंभीर ठेवतो.

मुंबईची प्रतिष्ठा ही केवळ व्यापाऱ्यांची बाब राहिली नव्हती. रिझर्व्ह बँकेचे मध्यवर्ती कार्यालय १९३७ साली कलकत्त्याहून मुंबईस आले, तेव्हाच देशाच्या पैशाचा गुरुत्वमध्य सरकल्याची ती खूण होती. राज्यपुनर्रचनेच्या वेळी मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवावी, असा आग्रह धरणाऱ्यांचे एक मोठे कारण हेच होते की, येथे साऱ्या देशाचे भांडवल गुंतलेले आहे. येथल्या गिरण्यांत आणि गोद्यांत घाम गाळणाऱ्या मराठी माणसाने त्याला उत्तर दिले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनच्या परिसरात गोळीबार झाला. जुन्या चर्चगेटच्या त्या जागेला आज हुतात्मा चौक म्हणतात. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र स्थापन झाला. ज्यांची पेढी आणि ज्यांचे श्रम, त्या दोघांनाही आता एकाच राज्यात एकमेकांशी जमवून घ्यायचे होते.

नव्या राज्यापुढे पहिला प्रश्न गर्दीचा होता. १९५८ साली स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने सुचवले की, ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा आणि शहराची वाढ पलीकडच्या मुख्य भूमीवर न्यावी. पुढे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही विकेंद्रीकरणाचाच सल्ला दिला. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघा तरुण वास्तुविशारद-अभियंत्यांनी एका नियतकालिकात बंदरापलीकडे जुळे नगर वसवण्याची योजना मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : मुंबईची वाढ उत्तर-दक्षिण अशा एकाच रेषेत होत राहिली, तर रेल्वे कितीही वाढवा, पुरी पडणार नाही. रेषा वाकवली पाहिजे. आणि घरे पलीकडे बांधून भागणार नाही, तर कामे पलीकडे नेली पाहिजेत. कारण माणूस कामामागे जातो, घरामागे नव्हे.

या युक्तिवादाला उत्तर देणे कठीण होते आणि शासनाने तो मान्य केला. १९७० साली सिडको हे महामंडळ स्थापन झाले व नवी मुंबईसाठी सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र ठरवण्यात आले. १९७३ साली खाडीवरचा पूल खुला झाला. पुढे कांदा-बटाटा, धान्य, मसाले यांचे घाऊक बाजार मशीद बंदरच्या अरुंद गल्ल्यांतून वाशीला हलवण्यात आले. व्यापाऱ्यांनी कुरकूर केली. पण ते गेले.

शासन स्वतः मात्र गेले नाही. नव्या नगराला बळ यावे म्हणून राज्याच्या प्रमुख कचेऱ्या पलीकडे न्याव्यात, ही योजनेतील मुख्य अपेक्षा होती. काही विभागीय कार्यालये बेलापूरला गेली, हे खरे. परंतु सचिवालय जागचे हलले नाही. १९७५ साली त्याचे नाव बदलून मंत्रालय झाले, इतकेच. विधान भवनाची नवी इमारत १९८१ साली पुरी झाली, तीही नरिमन पॉइंटला! ज्या दशकात खाडीपलीकडे जुळे नगर वसवायचे होते, त्याच दशकात अलीकडे समुद्र बुजवून कचेऱ्यांचे मनोरे उठत होते. एका हाताने ओढायचे आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवायचे, असा हा प्रकार झाला. वाशीला रेल्वे पोहोचली ती १९९२ साली, पूल झाल्यानंतर एकोणीस वर्षांनी.

या जुळ्या नगराची आणखी एक किंमत आहे आणि ती हिशेबाच्या वहीत शेवटी लिहिली गेली. योजनेतील जमीन ओसाड नव्हती. तेथे ९५ गावे होती. आगरी, कोळी व इतर समाजांची भातशेती, मिठागरे आणि मासेमारीची ठाणी होती. मिळणारा मोबदला अपुरा आहे, म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली गावे उठली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. कागदावर जेथे हिरव्या रंगाचा पट्टा असतो, तेथे बहुधा कोणाचे तरी शेत असते.

पेढी खाडी ओलांडून गेली नाही, तरी ती कोटातही मावली नाही. तिने तिसरीच वाट धरली. वांद्रे आणि कुर्ला यांच्यामध्ये मिठी नदीच्या काठी सखल, दलदलीची जमीन होती. दक्षिणेकडील कचेऱ्यांचा भार हलका करावा म्हणून १९७७ साली या सुमारे ३७० हेक्टर क्षेत्राचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवण्यात आले. पहिली अनेक वर्षे तेथे फारसे काही दिसत नव्हते. मग राष्ट्रीय शेअर बाजार आला, भांडवल बाजाराचे नियमन करणारी सेबी आली, बँका आल्या, २०१० साली हिऱ्यांचा बाजार आला. नरिमन पॉइंटची मिरासदारी ओसरली. तेथील एअर इंडियाचा मनोरा १९७४ साली पुरा झाला, तेव्हा तो आधुनिक मुंबईचे बोधचिन्ह मानला जाई. ती विमान कंपनी पुढे खाजगी मालकीची झाली आणि २०२४ साली तो मनोरा १,६०१ कोटी रुपयांस महाराष्ट्र शासनाला देण्यास केंद्राने मान्यता दिली. उद्योग उठून गेले की त्यांच्या जागी सरकारी कचेऱ्या येतात, हा जगातील अनेक शहरांचा अनुभव आहे.

वांद्रे-कुर्ला संकुलाचे समर्थन करणे सोपे आहे. ते शहराच्या मध्याशी आहे. पश्चिम व मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांना आणि विमानतळालाही जवळ आहे. नरिमन पॉइंटला जाणारा बोरिवलीचा किंवा मुलुंडचा माणूस येथे निम्म्या वेळात पोहोचू शकतो. परंतु नदीकाठच्या दलदलीचेही एक काम असते. पावसाचे पाणी पसरायला ती जागा देते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. भरतीमुळे समुद्राने पाणी घेतले नाही आणि आकसलेल्या मिठीने आपले पाणी कुर्ला, कलिना, सायन अशा वस्त्यांत ढकलले. शेकडो माणसे दगावली. एवढ्या पावसात कोणतीही नदी फुगली असती, हे मान्य केले पाहिजे. पण मिठीचे पात्र आणि तिच्या काठची पाणथळ जमीन वर्षानुवर्षे आक्रसत आली होती, हेही तितकेच खरे. एका भागाचा भार हलका करताना दुसऱ्या भागावर तो टाकला गेला, तर त्याला नियोजन म्हणणे धाडसाचे होईल.

आणि तरीही या साऱ्या वादात सर्वांत मोठी संधी जर कोणती हुकली असेल, तर ती गिरणगावची. परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्यात सुमारे साठ कापड गिरण्या होत्या. तो भाग बेटाच्या अगदी मध्यावर येतो. तेथे एक विलक्षण गोष्ट घडून आली होती, जी कोटाला, नरिमन पॉइंटला वा वांद्रे-कुर्ल्याला कधी साधली नाही. कामाची जागा आणि घर यांत चालत जाण्याएवढेच अंतर होते. गिरणीचा भोंगा चाळीत ऐकू येई. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर येथून आलेल्या माणसांच्या खोल्या कोंदट होत्या, एकेका खोलीत दहा-दहा जण पाळीपाळीने झोपत; त्या हालाखीचे गोडवे गाणे योग्य नव्हे. पण तमाशा, भजनी मंडळे, खाणावळी, व्यायामशाळा, ग्रंथालये आणि कामगार संघटना यांनी भरलेले ते एक संपूर्ण नगर होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि बेटाच्या मधोमध सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या नियमाने त्याचे एक सरळ उत्तर दिले होते : गिरणी विकायची, तर जमिनीचा एक तृतीयांश भाग मैदाने-बागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीला आणि उरलेला मालकाला. दीडशे वर्षांच्या वादाला एवढे समंजस उत्तर त्यापूर्वी कोणी दिले नव्हते. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी साऱ्या जमिनीची न होता, गिरणीच्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचीच व्हावी, असे ठरले. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन असणार ती किती? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली निकाल दिला तो नागरिकांच्या बाजूने. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्त नियम ग्राह्य धरला.

मग लोअर परळची धुराडी पडली आणि काचेचे मनोरे उठले. वित्तसंस्था, जाहिरात व वृत्तवाहिन्यांची कार्यालये, उपाहारगृहे, मोठमोठी दुकाने यांनी तो भाग गजबजला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरांचे वाटप झाले आणि त्यानंतरही घरांची संख्या अर्जांच्या मानाने फार थोडी राहिली. रस्ते आणि रेल्वेचे जिने मात्र होते तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर, कचेरीला निघालेल्या माणसांची चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. ज्या पट्ट्यात एकेकाळी कामाला पायी जात, तेथे आता लांबून येणारे हजारो लोक एका पुलावरून उतरत होते. पुढल्या वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले.

या प्रश्नावर दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्षांत विचारी माणसे आहेत. एक पक्ष म्हणतो, शहराची प्रतिष्ठा त्याच्या पेढ्यांवर असते. कलकत्त्याकडे एकेकाळी देशातील बड्या कंपन्या होत्या, त्या गेल्या. बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम ही शहरे आज उद्योगांना बोलावीत आहेत. आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवांचे नियमन करणाऱ्या, २०२० साली स्थापन झालेल्या प्राधिकरणाचे मुख्यालय गांधीनगरला आहे. २०२३ साली सुरतेत हिऱ्यांचा प्रचंड बाजार उभा राहिला, तेव्हा मुंबईचा हिरेव्यापार राहतो की जातो, अशी चर्चा झालीच होती. अशा वेळी कंपन्यांना शहराच्या मध्यात प्रशस्त जागा, उंच इमारती व वेगवान रस्ते दिले नाहीत, तर त्या निघून जातील आणि त्यांच्यासोबत नोकऱ्याही जातील. दुसरा पक्ष म्हणतो, कंपन्या इमारतींसाठी येत नाहीत, माणसांसाठी येतात. आणि ज्या शहरात शिक्षिका, परिचारिका, कारकून व हमाल यांना घर परवडत नाही, ते शहर मनोऱ्यांची उंची वाढवून मोठे होत नाही.

पहिल्या पक्षाची भीती खोटी नाही. पेढी गेली की शहर ओस पडते, हे ज्याने बंद गिरणीचे फाटक पाहिले त्याला सांगायला नको. परंतु मुंबईचाच हिशेब मांडला, तर दुसऱ्या पक्षाचे पारडे जड दिसते. कोटातून बॅलार्ड इस्टेट, तेथून नरिमन पॉइंट, तेथून वांद्रे-कुर्ला आणि लोअर परळ अशी पेढी फिरत राहिली. प्रत्येक वेळी कचेऱ्या आधी बांधल्या गेल्या आणि घरांचा विचार मागून झाला, किंवा झालाच नाही. २००१ साली मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजारांवर आली. कचेऱ्यांचे मनोरे वाढत असताना तेथे राहणारी माणसे कमी झाली. ती गेली कोठे, हे पाहायचे असेल तर विरार, कल्याण, बदलापूर येथील पहाटेची स्थानके पाहावीत. २०२० पूर्वी मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दररोज सुमारे ७५ लाख प्रवास होत. शहराच्या थोरवीचे पुष्कळ मापदंड आहेत. पहाटे साडेपाचला घर सोडणाऱ्या आणि रात्री नऊला मुले झोपल्यावर परतणाऱ्या माणसाचे घड्याळ हाही त्यांतील एक मानला पाहिजे.

अलीकडे अंतर कापण्याची साधने पुष्कळ झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू खुला झाला. बर्वे यांच्या अभ्यासगटाने मुख्य भूमीकडे बोट दाखवले, त्याला तोवर साठांहून अधिक वर्षे उलटली होती. कफ परेडपासून वरळी, दादर, वांद्रे-कुर्ला संकुल आणि विमानतळ यांना जोडीत आरेपर्यंत जाणारी ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने धावू लागली. तिच्यामुळे पेढीचे विखुरलेले तुकडे एका धाग्यात ओवले गेले. मात्र विरारच्या आणि बदलापूरच्या माणसाला या मेट्रोपर्यंत पोहोचण्यासाठी आधीची गाडी पकडावीच लागते.

यापुढचा वाद कोणत्या जमिनीवर होणार, हेही दिसू लागले आहे. पेढी टोकाला वसली ती बंदरापायी. तेच बंदर आता पलीकडे गेले आहे. १९८९ साली न्हावा शेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि मोठ्या पेट्यांतून येणारा माल तिकडे वळला. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, बॅलार्ड इस्टेटपासून माझगाव, शिवडी आणि वडाळ्यापर्यंत बंदराच्या मालकीची विस्तीर्ण जमीन आहे. तेथे जुनी गोदामे आहेत, लोहमार्ग आहेत, कामगारांच्या वस्त्या आहेत आणि शिवडीच्या चिखलात दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तेथे मनोरे व्हावेत, घरे व्हावीत की बागा, यांविषयी आराखडे तयार झाले आहेत आणि त्यांवर हरकतीही आल्या आहेत. गिरणगावातील जमिनीहून ती कितीतरी अधिक आहे, आणि एवढी मोठी दुसरी जमीन आता बेटावर उरलेली नाही.